सतरावीला तोड

२० ऑगस्ट, सोमवार

आज दुपारी एकाच्या बरगड्या बाहेर आल्या, दुसऱ्याचं मुंडकं उडालं, आणि चहा आला तेव्हा दोघांनी एकच कप बशीत अर्धा-अर्धा करून घेतला. पडद्यावर सांडतं तेवढं फरशीवर सांडत नाही, एवढ्याच भरवशावर मी हे गेम पार्लर चालवते.

गर्दी फार. पावसाळ्यात जिनिंग बंद असतेच, पण गेल्या साली बोंडअळीनं कापूस खाल्ला आणि पांढरकवड्यातल्या जिनिंगवाल्यांनी माणसं फेब्रुवारीतच मोकळी केली. हमाल, फिटर, ट्रकवाले, सगळे थोराड पुरुष माझ्या चार टीव्हींपुढे. बायका निंदणाला. शाळकरी पोरांना मी पायरी चढू देत नाही. यांचा एसटीडी बूथ होता त्या जागेत मी अकरा वर्षं शिकवण्या घेतल्या. अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेली बाई, म्हणून लोक मुलं पाठवायचे. तीच मुलं आता मिशा घेऊन इथे बसतात आणि अजून मॅडम म्हणतात.

संध्याकाळी प्रज्ञाचा हैदराबादहून फोन. तिची कंपनी ज्या मारामारीच्या खेळाची चित्रं करते, त्यात नवी लढणारी आली आहे. आधी सोळा होते, ही सतरावी. प्र. आणि तिच्या पाच सोबत्यांनी रंगवलेली. "आई, उघडून बघ ना."

उघडली. यादीत दिसते. निवडली की कुलूप. वेगळे पैसे भरा.

"अगं, खेळ मी विकत घेतलेला आहे."

"ते सोळा घेतलेस. ही वरची. डीएलसी. खेळ विकला गेल्यावर मागून पैसे देऊन उतरवून घ्यायची."

वरचं म्हणजे आमच्या बाजारात माप भरल्यावर भाजीवाली मूठभर टाकते ते. ते विकत नसतात.

२३ ऑगस्ट, गुरुवार

मी घेतली नाही. गजूनं घेतली.

गजूचा स्वतःचा ट्रक, नागपूर–हैदराबाद. आठवड्यातून दोनदा इथे उतरतो, खांद्यावर टॉवेल, मान गोऱ्ह्यासारखी. तीन नंबरच्या मशीनवर स्वतःच्या नावानं आत शिरला. कुलूप फक्त त्याच्यासाठी उघडलं. तो उठून गेला की परत बंद.

लुगड्याचा काचा मारलेली बाई. हातात विळा. पोटात घालते, मनगट वळवते, ओढते. तासाभरात सोळाच्या सोळा उभे चिरले. मग मागून आवाज आला, "मॅडम, हे चालते त तुमच्यावाणी."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हातात रजिस्टर घेऊन पंख्याच्या बटणाकडे निघाले होते, तिथेच थांबले. "पुढचा नंबर कोणाचा," एवढंच म्हणाले. पण खरं होतं. आधी खांदा, मग पाय.

प्र.ला फोनवर झापलं. ती हसली. "मग कुणाची चाल घेऊ? तुझ्याइतकं रागावलेलं मी कुणाला पाहिलंच नाही."

बरं वाटलं. लिहून ठेवते, बरं वाटलं.

२७ ऑगस्ट, सोमवार

मधुकर नऊ वेळा हरला. चारी मशीनवर त्याच्या तोडीचा कोणी नाही, हे सगळ्यांना मान्य. नेहमी एक नंबरचा लढवय्या घेतो, काठीवाला म्हातारा. गजूच्या सतरावीनं त्या म्हाताऱ्याला नऊ वेळा फाडलं.

मधुकर जिनिंगमध्ये ग्रेडर आहे. कापसाची गाडी आली की हा आत हात घालतो, खालचा पुंजका काढतो, दोन्ही हातांच्या अंगठ्या-बोटांत धरून ओढतो, परत जुळवतो, परत ओढतो, आणि धाग्याची लांबी मिलिमीटरमध्ये सांगतो. वरून पांढरा आणि आत कवडी, म्हणजे किडका पिवळट कापूस भरलेला त्याला न पाहता कळतो. सगळं उजव्या अंगठ्यात. तोच अंगठा रिमोटवर.

"हरल्याचं कायी नाही जी, मॅडम," तो म्हणाला. "पण तिच्या त्या डावाले तोड कोणती, थे मी शिकू कसा? जेच्यापाशी ते हाय, तोच तिले उलटीपालटी करून पाहू शकते. मले ते फक्त मी मरतानी दिसते."

गजू खुर्चीतून न वळता बोलला, "तोड पायजे त विकत घे ना, भाऊ. कोण नाही म्हणते."

हशा. मधुकरही हसला. त्याचं घर बायकोच्या, लताच्या शिलाई मशीनवर चालू आहे, हे त्या हसणाऱ्या सगळ्यांना ठाऊक.

लढणाऱ्याचा नुसता नवा अंगरखा विकला असता तर मी काही म्हटलं नसतं. ज्याला हवा त्यानं घालावा. इथे दुसऱ्याला मारायचं हत्यार विकलं, आणि ढालही त्याच पाकिटात ठेवली.

३० ऑगस्ट, गुरुवार

प्र.शी तासभर वाद.

तिचं म्हणणं: खेळ बाजारात गेला की बनवणाऱ्यांना घरी पाठवतात. सतरावी करायची होती म्हणून सहा जणांची नोकरी राहिली. खेळ जिवंत राहतो. नवं कोणी आलं नाही तर लोक सोडून जातात. ज्याला नको त्यानं घेऊ नये, सोळा तर कुठे गेले नाहीत.

मी विचारलं, "सोळा विकले तेव्हा ही तयार होती का?"

"अर्धी."

"म्हणजे अर्धी रोखून धरलीत."

"आई, मला अंगणात उभं करून विचारायचीस तसं विचारू नको."

फोन ठेवला. दुपारी मधुकरला सांगितलं. वाटलं तो माझ्या बाजूनं बोलेल. तर म्हणाला, "पोरीचं बी खरं हाय. कापूस एकच असते, मॅडम. जिनिंगवाला रुई येगळी इकते, सरकी येगळी इकते. थ्याले कोणी चोरी म्हणते काय?"

"पण घेणाऱ्याला दिसतं ना, आत सरकी आहे ते."

"हो. थे त दिसते." बोटांवर नसलेला पुंजका ओढत बसला. "बोंडाले कुलूप नसते."

४ सप्टेंबर, मंगळवार

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, पार्लरमध्ये दंगल ठेवते आहे. गावोगाव कुस्त्या होतात, इथे टीव्हीवर होतील. सोळा जण, आठ जोड्या.

माझ्या माहेरी दंगलीत एक म्हातारा जोड लावायचा. दोघांची मनगटं धरायचा, माना बघायचा, मग दोन्ही हात वर करायचा. एकानं दूध प्यालं असेल आणि दुसऱ्यानं आंबील, तर तो हात सोडून द्यायचा. जोड जमली नाही तर कुस्ती नाही. पुठ्ठ्यावर मी ठळक लिहिलं: पहिले सोळा लढवय्येच चालतील. सतरावी बंद.

गजू वाचून आला. "मॅडम, मी काय चोरून आणली काय? रातभर गाडी हाकलतो, मंग घेतली. तुमी शिकेल हा, सांगा बरं, इकत घेतलेली वस्तू वापराची नाही हा कोणता कायदा?"

मी ऐकलं नाही. मग तो हळू बोलला, "पोरगी तुमची, बनवली तिनं. सारं पांढरकवडा येईन त्या दिवशी. अन् तुमच्याच दुकानात तिले बंदी."

तो गेल्यावर मी ती दोन्ही वाक्यं खोडली. कायद्यासाठी नाही. लोकांनी बघावी म्हणून.

१० सप्टेंबर, सोमवार. कर

जमेल तसं लिहिते.

शेवटची जोड गजू आणि मधुकर. पाच डाव. दोन-दोन झाले. दुपारचे साडेतीन, पायरीपर्यंत माणसं. पाचव्यात म्हाताऱ्यानं सतरावीला भिंतीला लावलं, काठीनं जबडा फोडला, गुडघा उलटा केला. तिचा एक श्वास राहिला होता. मग विळा. मधुकर मागे सरला. पोटात, मनगट, ओढ. म्हातारा दोन तुकडे.

गजू खुर्चीवर चढला. "ग्रेडर, घरी जाय आता. बायकोच्या मशिनीवर फॉल लाव."

मधुकरनं रिमोट टेबलावर ठेवला. भरलेला कप ठेवावा तसा. उभा राहिला, गजूच्या टॉवेलची दोन टोकं धरून त्याला खाली ओढलं आणि कपाळ त्याच्या नाकावर घातलं.

रक्त माझ्या स्विचबोर्डपर्यंत उडालं. गजूनं प्लास्टिकची खुर्ची घातली, ती मोडली, तिचा पाय मधुकरच्या गालात घुसवला. मग त्याला टेबलावर आडवा करून दोन्ही हातांनी गळा. एक नंबरचा टीव्ही पडून फुटला. मधुकरच्या टाचा टेबलावर वाजत होत्या. भोवतीचे लोक "मार, मार" म्हणत होते, पडद्यासाठी म्हणतात त्याच आवाजात. मधुकरचं तोंड काळवंडायला लागलं.

मी शटर ओढायची लोखंडी सळई घेतली. गजूच्या खांद्यावर मारायची होती. पूर्ण ताकदीनं. त्याच वेळी मधुकरनं खालून हात घालून तोच खांदा धरला, अंगठा वर.

कापसाची वाळली पऱ्हाटी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज. टीव्हीच्या काचा, आरडाओरडा, कोणी ऐकला नसेल. मी ऐकला.

गजूनं गळा सोडला.

११ सप्टेंबर, मंगळवार

मधुकरच्या उजव्या अंगठ्याचं बुडाजवळचं हाड दोन ठिकाणी मोडलं. प्लास्टर कोपरापर्यंत. गालाला पाच टाके. दवाखान्यात मी बाजूलाच उभी होते. डॉक्टरांनी विचारलं, कशानं लागलं. "मारामारीत," मधुकर म्हणाला. "कोणी मारलं?" "ध्यानात नाही, साहेब."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात नर्सनं बाहेर थांबायला सांगितलं, आणि मी बाहेर थांबले. आज्ञाधारक.

बाजारात सगळे म्हणतात, गजूनं मोडला.

दुपारी लता दुकानात आली. बसली नाही. "मॅडम, दिवाळीपर्यंत जिनिंग सुरू होईन. मालकानं औंदा लांबी मोजाची मशीन आणली. म्हणते, ग्रेडरपेक्षा मशीन बरी निघाली त ग्रेडर कायले ठेवू. ह्यायनं म्हटलं, मशीनले मी हरवतो. आता कायनं हरवतीन?"

मी फुटलेली काच गोळा करत होते. गोळा करतच राहिले.

"लहान पोट्ट्यायले तुमी आत येऊ देत नाही," ती जाताना म्हणाली. "तसंच ह्यायलेबी येऊ द्याचं नव्हतं."

१३ सप्टेंबर, गुरुवार

काल गजूला गाठलं. बायपासवर टायरच्या दुकानासमोर, जिनिंगच्या पाच हमालांनी. जॅकच्या दांड्यानं. समोरचे चार दात गेले, एक कान अर्धा लोंबत होता, तो हातानं धरून यवतमाळच्या दवाखान्यात नेला. ट्रकच्या काचा फोडल्या, चाकातली हवा सोडली. त्यातल्या तिघांना मी नववीचं नागरिकशास्त्र शिकवलं.

हे सगळं दूधवाल्यानं सांगितलं, लिटरभर दूध मोजताना. "ग्रेडरचा आंगठा मोडाची शिक्षा भेटली त्याले," म्हणाला.

"हं," मी म्हणाले.

हं. अकरा वर्षं मुलांना सांगत आले, चूक केली तर उभं राहून बोला.

१५ सप्टेंबर, शनिवार

मधुकरच्या घरी गेले. लता मशीनवर, तो खाटेवर, प्लास्टर छातीवर. उभ्यानंच सांगितलं. सळई माझी. अंगठा मी मोडला.

लताचं मशीन थांबलं.

मधुकर म्हणाला, "माईत हाय मले. तुमी समोरच होत्या. माह्या डोयासमोरून आली सळई."

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलं? गल्लीत का नाही?"

"गजूले मार पडाले पायजे होता, मॅडम. मले मारता येत नव्हतं, हात असा झाला. मंग म्हटलं, पडू दे दुसऱ्यायच्या हातानं."

हा माणूस पंचेचाळीस वर्षांचा. कधी कोणाशी वर आवाजात बोलला नाही.

"तुमी काहून नाही बोलल्या?" त्यानं विचारलं. खोचून नाही, साधं विचारलं.

लता उठली, माझ्या हातातली सफरचंदांची पिशवी घेतली आणि दाराबाहेर नालीत ओतली. एक-एक. मग आत येऊन मशीनवर बसली.

१७ सप्टेंबर, सोमवार

हमालांच्या गल्लीत जाऊन सांगितलं. पाची जण ओट्यावर होते. सळई माझी होती, गजूची चूक गळा दाबण्याची, अंगठ्याची नाही.

कोणी मानेना. सर्वांत थोरला, दहावीला दोनदा बसलेला, म्हणाला, "असं बोलू नका, मॅडम. तुमी ग्रेडरवर दया करून राह्यल्या का गजूवर?" दुसरा म्हणाला, "आमी त्याचे दात पाडले जी. आता तुमी म्हणता तो नव्हताच, त मंग आमी कोण झालो?"

त्यांना मी खोटी हवी होते. परत आले तर पार्लरच्या दाराची काच फुटलेली, आत अर्धी वीट.

तशीच एसटीनं यवतमाळला गेले. गजूचं डोकं पट्ट्यांत, डोळे तेवढे उघडे. त्यालाही सांगितलं.

"माईत होतं," शब्द दातांच्या जागेतून वाऱ्यासारखा आला. "सळई कानापासून गेली माह्या."

"मग मारत होते तेव्हा बोलला का नाहीस?"

"बोललो ना. दात होते तोवर बोललो."

हसला. हसताना ओठ फाटला, रक्त आलं. ठाण्यात चल म्हटलं, मी लेखी देते. नको म्हणाला. दोन्ही बाजूंनी कोणालाच ठाणं नको आहे. मग म्हणाला, "मॅडम, माही सतरावी तेवढी सांभाळा. मशीनमधलं कायी पुसू नका, नाहीतर ते जाईन."

त्याच्या कानाला चौदा टाके होते आणि त्याला तिची काळजी.

३० सप्टेंबर, रविवार

प्र. सकाळच्या गाडीनं आली, संध्याकाळच्या गाडीनं गेली. सगळं सांगितलं. तिनं फुटलेला टीव्ही पाहिला, भिंतीवरचा डाग पाहिला. मी तीनदा पुसला आहे, पुसट तपकिरी राहतोच.

"सळई तू उचललीस, आई. सतरावीनं नाही."

"मी कुठे नाही म्हणते."

"म्हणत नाहीस. पण बघतेस तशी."

जेवताना बोलली. सतरावी बरी विकली गेली तर पुढची, अठरावी, तिच्याच गटाला मिळेल. नाही तर सहातले तीन जातील, त्यात ती. भाताचे घास मोजून खात होती. "तू सांग. वाईट आहे का हे काम? मला बायकांचे हात काढायला आवडतात. मनगटाचं हाड कुठे वळतं ते नीट काढलं की बरं वाटतं. एवढंच करते मी. कुलूप मी लावत नाही."

कुलूप दुसरं कोणी लावतं, हे मला पटलं. हमालही म्हणतील, दांडा आमचा नव्हता. हे मी तिला बोलले.

तिनं ताट सरकवलं. संध्याकाळी गाडीत बसली. खिडकीतून म्हणाली, "तुझी चाल घ्यायला नको होती."

१६ ऑक्टोबर, मंगळवार

मधुकरचं प्लास्टर निघालं. दुपारी पार्लरमध्ये आला, दंगलीनंतर पहिल्यांदा. मी उठून उभी राहिले, का ते माहीत नाही.

अंगठा पांढरा, बारीक, पाण्यात राहिल्यासारखा. बुडाशी गाठ. "डाक्टरनं हालवाले सांगतलं. चेंडू दाबा म्हणे. म्हटलं, चेंडूपेक्षा हे बरं." तीन नंबरवर बसला. म्हातारा घेतला. मशीनच्या अगदी सोप्या लढवय्यानं त्याला चार वेळा लोळवलं. रिमोट दोनदा हातातून पडला.

मग तो म्हणाला, "मॅडम, सतरावी उघडता काय? तिची तोड पायतो."

"तिच्याचपायी हे झालं."

"तिच्यापायी नाही. मले माईत नव्हतं म्हून झालं. मी मांगं सरलो."

मी घेतली. एका मशीनला नाही, उरलेल्या तिन्हींना, कोणीही बसला तरी उघडेल अशी. प्र.ला कळवलं नाही. सगळ्यांच्या हातात आली की ती नुसती सतरावी, सोळांच्या पुढची. मग जोड लागते. पण घाटंजीत एकाच मशीनवर कोणी पार्लर चालवत असेल, त्यानं काय करायचं? आणि अठरावी आली की मी काय करायचं? चांगलं की वाईट, या प्रश्नाला मी परीक्षेत पाच मार्कांचं उत्तर लिहून घेतलं असतं. स्वतः लिहायला बसले तर दोन्ही बाजू भरतात आणि समारोप येत नाही.

२२ ऑक्टोबर, सोमवार

आज मी मधुकरला एकतीस वेळा मारलं.

सरावाला त्याच्यासमोर सतरावी घेऊन कोणी बसेना. गजूची भीती, हमालांची भीती. म्हणून मी बसले. तीन दिवसांत शिकले. विळ्याचा डाव दोन बटणांचा आहे, पकडलं की सोपं. त्याचा म्हातारा समोर यायचा, मी पोटात घालायची, वळवायची, ओढायची. पहिल्या दिवशी डोळे मिटत होते. आज मिटले नाहीत. एकदा तर त्याचा हात उठायच्या आत चिरला आणि तोंडातून "घे" निघालं.

मधुकरनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडेच पाहिलं.

तोड त्याला सापडली आहे. "मांगं गेलं का कापते. पुढं गेलं, तिच्या आंगाले लागून, त इळा फिराले जागाच नाही राहत. मंग मनगट धराचं." बरोबर आहे. मी करून पाहिलं, सतरावी तिथे अडकते. पण पुढे जायला अंगठा क्षणाच्या आत लागतो. त्याचा अर्धा क्षण उशिरा येतो. त्याला सगळं कळतं, आणि तरी तो कापला जातो. एकतीस वेळा.

"उद्या," तो म्हणाला.

लता त्याला न्यायला आली होती. पायरीवर उभी राहून शेवटचे चार डाव तिनं पाहिले. तिच्या नवऱ्याला मी चार वेळा फाडताना. शेवटच्याला म्हणाली, "तिच्या डाव्या बाजूनं जा ना हो तुमी." त्यालाच. माझ्याशी ती अजून बोलत नाही.

२९ ऑक्टोबर, सोमवार

जिनिंगच्या आवारात बसून लिहिते आहे. दुपारचे पावणेचार.

मुहूर्ताच्या गाड्या आल्या. मालकानं ठरवलं तसं केलं. पाच गाड्यांचे पुंजके, प्रत्येक आधी मधुकरच्या हातात, मग पुडीत बांधून आत मशीनवर. मधुकरनं सांगितलेले आकडे मालकानं कागदावर लिहिले. मशीनची चिठ्ठी चार वाजता. जुळलं तर मधुकर राहील. नाही जुळलं तर, मालक म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नको, मधुभाऊ." हे त्यानं आधीच म्हटलं.

मधुकर घरूनच मला घेऊन आला. का बोलावलं, सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

पहिल्या गाडीत हात घातला तेव्हा वाटलं, जमेल. हात कोपरापर्यंत आत, चेहरा दुसरीकडे. पुंजका ओढला, जुळवला, परत ओढला. "एकोणतीस." दुसरा. तिसऱ्याला पुंजका निसटला, जमिनीवर पडला. त्यानं वाकून डाव्या हातानं उचलला. हमालांपैकी कोणी हसलं नाही. पाचीजण काट्याजवळ उभे होते. थोरल्यानं मला पाहून मान खाली घातली, मग वर केली, मग कापसाच्या गंजीमागे गेला.

गजूचा ट्रकही फाटकात लागला आहे, गेल्या सालच्या उरलेल्या गाठी भरायला. केबिनमधून उतरला. कानाचा वरचा भाग राहिलेला नाही. काट्याजवळच्या चौघांनी हातातले आकडे, गाठी ओढायचे लोखंडी आकडे, खाली ठेवले नाहीत. गजूनंही चाक खोलायची लोखंडी टॉमी हातात धरलेली. कोणी पुढे आलं नाही, कोणी मागे सरलं नाही. मग तो आमच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसला. टॉमी मांडीवर. मध्ये मी.

"किती सांगतलं?" गजूनं विचारलं.

"एकोणतीस, अठ्ठावीस, एकोणतीस, सव्वीस, एकोणतीस."

"सव्वीस कोणती?"

"चौथी. आतून कवडी हाय."

आत मशीनचा आवाज सुरू झाला. मधुकर अंगठा मुठीत घेऊन बसला आहे. आत्ताच माझ्याकडे वाकून हळू बोलला, गजूला ऐकू जाईल इतकंच हळू.

"मॅडम, खरं सांगू काय? हातानं कायी समजलं नाही. पाचही डोयानं सांगतले."

गजू समोरच पाहतो आहे. काट्याजवळचे चौघे आमच्याकडे. मालक दारात आला, त्याच्या हातात अजून चिठ्ठी नाही.